बटणांचा डबा

टुक.

दुपारच्या शांततेत एवढासाच आवाज झाला आणि स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता तिने कान टवकारले. बटणांच्या डब्याचं झाकण. बाबांनी उभा जन्म शिवणकामात काढला होता, तेव्हा त्यांना डबा उघडायला कारण लागत नसे, हे खरं. पण झाकण वाजलं की नेमका तिच्या लेकीचा गाल कसा फुगतो?

ती चवड्यांवर चालत बाहेर आली. गाल फुगलेलाच होता.

"तोंड उघड."

लेकीने ओठ आणखी घट्ट मिटले.

"बाबा, तिच्या दाढा किडल्यात. डॉक्टर काय म्हणाले, आठवतंय ना?"

"आठवतंय की. पण मी कुठे काय दिलं तिला?"

"तोंडाला पेपरमिंटचा वास येतोय."

"मग दात घासले असतील. चांगलंच आहे."

चेहरा असा भोळा, की तिला जास्तच राग आला. बाबा आणि खोटं?

चोरी उघडी पडली ती संध्याकाळी, आणि तीही नवऱ्याच्या छातीवर. सकाळी त्याच्या शर्टाचं बटण तुटलं होतं, ते बाबांनी हौसेने लावून दिलं. ऑफिसात साहेबांसमोर उभा असताना त्याला शर्टावर एक मुंगी दिसली. तिच्यामागे दुसरी. मग रांगच लागली. बघतो तर बटणाच्या जागी मधोमध भोक असलेली पांढरी पेपरमिंटची गोळी, आणि टाका इतका पक्का की निघता निघेना.

"साहेब म्हणाले, तुमचा शिंपी फार गोड माणूस दिसतोय," सांगताना नवरा पोट धरून हसत होता.

ती हसली नाही. तिने डबा पालथा केला. बटणं कमी, गोळ्याच जास्त.

"लपवायला जागा बरी शोधलीत, बाबा. आणि वर मलाच सांगता, मी कुठे दिलं म्हणून. पोरगी काय शिकेल यातून?"

बाबा शर्ट हातात घेऊन ती गोळी बोटाने चाचपत राहिले.

"टाका माझाच आहे," ते हळूच म्हणाले. "पण हे काय लावलंय मी?"

रागाच्या भरात तिने ते ऐकलं न ऐकलंसं केलं. गोळ्या कचऱ्यात गेल्या, बटणं डब्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा टुक. या वेळी ती दाराआडच थांबली.

"कुणाची गं तू?" बाबा विचारत होते.

"तुमची."

"शाब्बास. घे."

त्यांनी लेकीच्या हातावर एक पांढरं बटण ठेवलं. लेकीने ते मुठीत दडवलं आणि जिभेने आतून गाल फुगवला. बाबा समाधानाने हसले. झाकण लावलं, खिडकीबाहेर पाहिलं, पुन्हा वळले.

"कुणाची गं तू?"

"तुमची."

टुक.

ती पुढे झाली. "हा कसला खेळ चाललाय?"

"आजोबा विचारतात, मी सांगते. बरोबर आलं की गोळी," लेक म्हणाली. "ते सारखं सारखं विचारतात. मला येतं उत्तर."

बाबांनी मान वर केली. दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की हसायचे, तसं हसले. डब्यातून एक बटण निवडून त्यांनी तिच्यापुढे धरलं.

"आणि तू गं? तू कुणाची?"

लेकीने तिचा पदर ओढला.

"आई, अगं सोपं आहे. सांग ना, तू कुणाची?"