होम की स्टोअर

टीव्ही तिरपा का मोजतात?

हा प्रश्न मी अमरावतीच्या टीव्ही दुकानदार हसनैनभाईला विचारला, एसटीच्या कंडक्टरला विचारला, घरी वहिनीलाही विचारला. कोणीच उत्तर दिलं नाही. असले प्रश्न मी नितेशदादाला विचारायचो. तो लगेच उत्तर द्यायचा. पुष्कळदा खोटं असायचं, पण मिळायचं. दसऱ्याच्या आधी दादा वरूडच्या रस्त्यावर अपघातात गेला. तेव्हापासून माझ्याकडे प्रश्न नुसते साचत चाललेत.

बाबांनी तर बोलणंच सोडलं. पुढच्या खोलीत दादाचा फोटो लावला, त्याच दिवशी ते उशी घेऊन मागच्या स्टोअर रूममध्ये गेले. पूर्वी तिथं तुरीची पोती असायची. आता खाट आणि बाबा. दोन घास खायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. चार महिने झाले. डॉक्टर म्हणाले, त्यांचं मन कशात तरी गुंतवा. वहिनी म्हणाली, "भाऊजी, बाबांच्या खोलीत एक लहानसा टीव्ही लावून देऊ."

लहानसा हा शब्द मी ऐकला होता. (कबूल करून टाकतो, कारण वहिनी हे वाचणार आहे.)

"खोली केवढी हाय?" हसनैनभाईनं विचारलं.

"पंधरा फूट."

"लांबी पंधरा?"

"नाही, तिरपी. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. तुमी फोनवर म्हनले टीव्ही तिरपा मोजतात, म्हनून मीनं खोलीबी तिरपीच मोजली."

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पाहनार कोन?"

"बाबा. जरा कमी ऐकू येते त्याईले."

हे सांगायला नको होतं. त्यानं मला थेट होम थिएटरपाशी नेलं. म्हणाला, हे फाइव्ह पॉइंट वन. पाच स्पीकर एकेक करून दाखवले.

"आन् तो पॉइंट वन?"

त्यानं कोपऱ्यातल्या सगळ्यात मोठ्या खोक्याकडे बोट केलं. (पॉइंट वन एवढा मोठा असतो हे आमच्या गुरुजींनी दाखवलं असतं, तर मी नववीत गेलो असतो.) मी म्हटलं, बांधा. टीव्ही पंचावन्न इंची घेतला, कारण दुकानात तो लहान दिसत होता.

बाबांच्या खोलीत तो लहान दिसला नाही. बाबांनी पाय लांब केले की पडद्याला लागतील, एवढंच अंतर उरलं. पॉइंट वनला जागाच नव्हती, म्हणून तो खाटेखाली सरकवला. बाबांनी एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा भिंत धरली.

टीव्ही सुरू होताच इंग्रजीत विचारायला लागला. मी प्रत्येक वेळी उजवीकडचं दाबत गेलो. मग दोन चौकोन आले. एक होम, दुसरा स्टोअर. अक्षरं जुळवून वाचलं मी. मी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "वहिनी, बाबाची खोली होम का स्टोअर?"

"स्टोअर," वहिनी म्हणाली. ती पोळ्या लाटत होती.

मी खरं ते दाबलं.

पडद्यावर एकदम धबधबा कोसळला. खाटेखालून पॉइंट वन असा गरजला की खाट वीतभर सरकली आणि बाबांनी दोन्ही हातांनी खाटेची कड धरली. आवाज कमी केला, तो आपोआप परत वाढला. चॅनेल लावलं, ते आपोआप गेलं. धबधबा, मग वाघ, मग रंगीत मासे, मग एक संत्रं. कोणीतरी चाकूनं ते आडवं कापायचं, रस उडायचा. पुन्हा धबधबा.

तिसऱ्यांदा संत्रं आलं तेव्हा बाबा कुशीवर वळले.

"कापून काहून राहिला तो?"

मला वाटलं टीव्हीच बोलला.

"संत्रा कोनी कापते काय," बाबा म्हणाले. "सोलते."

वहिनी लाटणं घेऊन दारात आली. आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. कोणी हललं तर बाबा गप्प होतील अशी भीती होती.

पुढचे दोन दिवस संत्रं आलं की बाबा त्याला बोलायचे. साल जाड हाय. रंग लावला त्याले. हा आपल्याकडचा नाही. मी तोवर कानात कापूस घालून अकोल्याच्या मेकॅनिकला फोन लावत होतो.

तो तिसऱ्या दिवशी आला. "स्टोअर कोनं दाबलं?"

"खोली स्टोअरच हाय."

"स्टोअर म्हनजे दुकान, भाऊ. टीव्हीले वाटून राहिलं तो अजून दुकानातच हाय. तुमच्या बाबाले गिऱ्हाईक समजून राहिला तो."

वहिनी माझ्याकडे पाहत होती. मी पॉइंट वनकडे पाहत होतो.

त्यानं एक बटन दाबलं. संत्रं गेलं. चार माणसं एकमेकांवर ओरडत बातम्या सांगायला लागली.

बाबा पडद्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता पुन्हा भिंत. पण बाबांनी पाय खाली सोडले आणि चपला शोधायला लागले. "अमोल, गाडी काढ. खरा संत्रा पाहू दे."

आमचा संत्र्याचा बगीचा दादा पाहायचा. तो गेल्यापासून बाबांनी तिकडं पाय ठेवला नव्हता. वहिनीनं त्यांच्या खांद्यावर दुपट्टा टाकला आणि स्वतःही मागं बसली.

बाबांनी एक संत्रं तोडलं, सोललं, अर्धं वहिनीला दिलं. मग झाडाझाडाला हात लावत शेवटच्या ओळीपाशी आले. ती ओळ दादानं लावलेली. पानं मिटलेली, फळं बारकी.

"पानी कोन देते?"

"मी."

"दिसते."

चार महिन्यांचं सगळं बोलणं त्यांनी तिथंच माझ्यावर काढलं. मी मान खाली घालून ऐकत होतो. फार बरं वाटत होतं. शेवटी ते म्हणाले, "नितेशच्या ओळीले पानी सोड."

मी धावत विहिरीवर गेलो, मोटार लावली, पाइपावरचा रोजचाच कॉक उघडला आणि परत आलो. तिघंही ओळीपाशी वाट पाहत उभे राहिलो. थेंब आला नाही. विहीर शेजारच्या शेतातल्या डोमाजीच्या आणि आमच्या सामाईकीत आहे. बांधापलीकडून त्याचा आवाज आला.

"अमोल, रोज माह्या हरभऱ्याले पानी तूच सोडतं काय? तरीच म्हनलं, घाटे लागून नाही राहिले, नुसता पालाच वाढून राहिला."

वहिनीनं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही. बाबा माझं मनगट धरून मला विहिरीपर्यंत घेऊन गेले आणि दादाच्या ओळीच्या, दुसऱ्या कॉकवर माझा हात ठेवला. मी तो सगळा जोर लावून फिरवला. आधी उलटा, मग सुलटा.