दानियल काकांच्या घरचं भूत

आमच्या गल्लीत कुणी नवा कुकर आणला, तरी तो आधी दानियल काकांना दाखवावा लागतो. काका चष्मा कपाळावर चढवतात, वस्तू उलटीसुलटी करतात आणि निकाल देतात. "लॉट पास." नाहीतर, "लॉट फेल!"

सवय नोकरीतली. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत ते आयुष्यभर उगवण तपासायचे. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, चार-सहा दिवसांनी कोंब बघायचे आणि अख्खा लॉट पास नाहीतर फेल करायचा. रिटायर झाले, पण कागद काही सुटला नाही. माझं शिलाईचं दुकान त्यांच्या घराला लागूनच, त्यामुळं माझे निम्मे ब्लाऊज त्यांनी फेल केलेत. गळा खोल झाला, लॉट फेल.

"अहो काका, घालणारीला चालतंय ना!"

"मी घालणारीचं न्हाई बोलून राह्यलो. कापडाचं बोलून राह्यलो."

बोलण्यात त्यांना कुणी हरवू शकत नाही, कारण शेवटी ते हुकमी पान काढतात. "वचनात कुठं लिहिलंय?" वचन म्हणजे त्यांचं बायबल. एकदा मी म्हटलं, काका, दिवसातून पाच वेळा चहा पिता, तो वचनात कुठंय? तर म्हणाले, "मनाई कुठंय ते दाखवा."

घरात ते आणि त्यांची नात रिबेका, दुसरीतली. आम्ही रिबू म्हणतो. तिची आई मस्कतला नर्स आहे. मार्थाकाकू जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हा रिबू रांगत होती. काकूंचं नाव निघालं की काका खाकरतात आणि पावसापाण्याचं विचारतात. मीही मग पावसापाण्याचं सांगते.

तर यंदा रिबूच्या इंग्रजी शाळेत हॅलोविन निघालं. पोरांनी भूत-चेटकीण होऊन यायचं. मुख्याध्यापिका बाईंनी स्वतः काकांना फोन केला, "सर, तुमचाच सण आहे, प्रमुख पाहुणे म्हणून या आणि दोन शब्द बोला." झालं! काकांचा पारा असा चढला की त्यांचा फोनवरचा आवाज मशीन चालू असताना मला ऐकू आला. "मॅडम, हा आमचा सण न्हाई! आमच्यात भूत हाकलत्येत, त्याला चॉकलेट न्हाई देत!"

पण बातमी गल्लीभर झाली होती. दूधवाला म्हणाला, हॅपी हॅलोविन काका. किराणा दुकानातले सलीमभाई गळ्यात पडले, "मुबारक हो दानियलभाई, हमको बताया नहीं!" काका बिचारे एकेकाला थांबवून समजावत होते की ख्रिस्ती माणसानं यात बिलकुल पडू नये. माणूस मेला की प्रभूजवळ जातो, तो परत येत नाही, मग हे भूत आणलं कुठून? लॉट फेल!

रविवारी त्यांनी हा विषय चर्चमध्ये काढला, तर तिथं दोन पार्ट्या पडल्या. म्हातारे म्हणे पाप, तरणे म्हणे पोरांची मज्जा. पाळक म्हणाले, टाळलेलं बरं. एका पोरीनं विचारलं, "मंग काका, नाताळचं झाड वचनात कुठंय?" तिसऱ्या दिवशी काका दुकानात येऊन मला म्हणाले, "झाडाचं बघू. झाड कुणाला भेव तर दाखवत न्हाई."

या सगळ्यात रिबूचा जीव टांगणीला लागला होता. तिच्या वर्गातली सगळी पोरं भुतं होणार आणि ही एकटी युनिफॉर्मवर. रडून रडून डोळे सुजवले होते पोरीनं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी ती कापडाची घडी छातीशी धरून आली. "मावशी, भुताचा ड्रेस शिवून दे. घरात पांढरं सापडलं."

"आबांना विचारलंस?"

"हो." साफ खोटं. पण मला तिची दया आली.

घडी उघडली तर पांढरीशुभ्र जॉर्जेटची साडी, डांबरगोळ्यांचा वास, काठाला बारीक पांढरं भरतकाम. मला वाटलं, काकांच्या आईची असेल. आमच्यात पांढरी साडी म्हणजे कुणाच्या तरी कपाळी आलेलं दुःख. म्हटलं, ते पेटीत ठेवून कुणाचं भलं झालंय? कात्री चालवली. मधोमध डोळ्यांना दोन भोकं पाडली, कडा दुमडून टाचल्या, उरलेलं मागं लोळतं सोडलं. रिबू ते घालून आरशापुढं नाचायला लागली.

तेवढ्यात काका तिला शोधत आले.

"भॉऽऽ!" रिबूनं उडी मारली.

मला वाटलं आता आकाश कोसळणार. पण काका उंबऱ्यातच थांबले. चष्मा कपाळावर नेला, परत डोळ्यांवर घेतला. मग खाली बसून त्यांनी काठावरचं भरतकाम बोटानं चाचपलं.

"ही मार्थाची हाय," ते म्हणाले. "लग्नाची."

त्यांच्यात नवरी पांढऱ्या साडीत चर्चच्या दारातून नवऱ्याकडं चालत येते, हे मला कुठं ठाऊक! भिंतीवरचा तो लग्नाचा फोटो मी शंभरदा बघितला होता, पण तो ब्लॅक अँड व्हाइट. मला आपलं वाटायचं, फिकी गुलाबी असेल.

"काका, चूक झाली हो. मला मारा, काहीपण करा," मी म्हणाले. मला रडूच फुटलं.

काका उठले. शर्टाची वरची गुंडी लावली, बाहीनं तोंड पुसलं.

"रिबू, दारापशी जा बेटा. आन् तिथून हळू चालत ये माझ्याकडं. पळू नको."

रिबू घाबरून गेली होती. ती दारापर्यंत गेली आणि वळली. दुपारचं ऊन तिच्या पाठीमागं होतं. लोळता पदर सांभाळत ती एकेक पाऊल टाकत आली, आणि काका कटपीसच्या ढिगाशेजारी ताठ उभे होते. ती जवळ आल्यावर त्यांनी तिचा हात कापडासकट हातात घेतला.

"अजून एकदा," ते म्हणाले.

असं तीनदा झालं. मग कापडाच्या आतून बारीक आवाज आला, "आबा, मला उद्या शाळेत जायचंय ना."

"जा बेटा." काका माझ्याकडं वळले. "बाई, तुमच्याकडं मांजरपाट असंल. हिला दुसरं शिवून द्या. जाऊ द्या, नाचू द्या पोरीला."

मी साडी रिबूच्या अंगावरून अलगद काढली आणि त्यांच्या हातात दिली. काकांनी ती उराशी धरली. भोकांच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले, मी समोर आहे हेही विसरले.

"घरी येत जा गं," ते साडीला म्हणाले. "मी न्हाई कुणाला सांगणार."