किसनमामांचे चुकंदर

माझे किसनमामा रोज सकाळी तोंड धुण्याआधी ओसरीतल्या वाळूच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून चुकंदरांची विचारपूस करत. "काय बाप्पा, ठीक हाये ना?" असे विचारून एखादा बाहेर काढत, हुंगत, अंगठ्याने दाबून पाहत आणि पुन्हा गाडून ठेवत. घरात दुसरे कोणी नव्हतेच. मामी वारल्या होत्या आणि एकुलती मुलगी यमुना बाळापूरला दिलेली होती.

साहेब लोक या कंदाला बीट म्हणतात. अमरावतीच्या बंगल्यावरचा खानसामा चुकंदर म्हणे, म्हणून मामाही चुकंदरच म्हणत. बियाणे त्याच खानसाम्याने दिले होते. त्यातले नेमके काय खातात, हे मात्र तो सांगायला विसरला. पहिल्या वर्षी मामांनी पानांची भाजी केली आणि कंद बैलापुढे टाकले. घटकाभराने बैलाच्या तोंडातून लाल लाळ गळू लागली. गल्ली जमली, वैद्यबुवा आले, कोणी हळद आणली. बैल शांतपणे शेवटचा कंद चघळत होता. तेव्हा मामांनी त्याच्या तोंडातला तुकडा ओढून काढला, धोतराला पुसला आणि स्वतः खाल्ला. "गोड हाये बे!" एवढेच म्हणाले.

ती वर्षे कापसाची होती. विलायतेत आमच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता. शेजारच्या तानबाने तर खळ्यावरही कापूस पेरला. त्याच्या घरात शिरायचे तर झाडे बाजूला सारावी लागत. मामांनी मात्र विहिरीजवळचे वाफे सोडले नाहीत.

"किसन, तुया या लाल मुयाले विलायतेत काय भाव हाये बा?" तानबा कुंपणावरून विचारी.

"तू कापूस खाय भाकरीसंगं," मामा म्हणत. त्यांचे हे उत्तर ठरलेले होते.

चुकंदर ते चुलीतल्या निखाऱ्यांत पुरून भाजत. वरची काळी साल काढायची, लसूण-मिरचीबरोबर ठेचायचे, वर कच्चे जवसाचे तेल. ज्वारीची भाकरी लावली की ती गुलाबी होई. गल्लीतल्या बायका मटणासारखे दिसते म्हणून शिवत नसत. यमुनाला मात्र ते फार आवडे, असे मामा सांगत.

खरी अडचण तिथेच होती. चुकंदर निघतो माघात आणि यमुना माहेरी यायची ती आखाजीला, म्हणजे वैशाखात. दिवाळीत कापसाची वेचणी असे. सासरचे पाठवत नसत. मधले तीन महिने चुकंदर टिकला पाहिजे, एवढाच मामांचा ध्यास होता. वाळूतले फाल्गुनात कोंबारले. "मी झोपा म्हनलं, अन् हे उठून बसले!" मामांना तो अपमान वाटला. पुढच्या वर्षी चकत्या करून बाजेवर वाळवल्या. त्या भिजवून शिजवल्या, तर जोड्याचा तळ चावल्यासारखे झाले. आणि त्या दोन्ही वर्षी यमुना आलीच नाही.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पुण्याहून सुट्टीला आलो की मामा विचारत, "भाचेबुवा, तुमच्या पुस्तकात लिवलं असन ना, हे कसं टिकवावं?" माझ्या पुस्तकांत ग्रहणे होती, राजे होते, चुकंदर नव्हता. मला खरोखर लाज वाटे. शेवटी पुण्यात एका गोऱ्याच्या आचाऱ्याला धीर करून विचारले. तो म्हणाला, उकडून सिरक्यात, म्हणजे ताडी आंबवून केलेल्या आंबट पाण्यात घाला. सिरक्याला ताडीचा वास येतो म्हणून मामांनी लिंबाचा रस घेतला, मीठ आणि मोहरी घातली. ते टिकले. चैत्र सरला तरी फोडी माणकासारख्या लाल होत्या.

त्या वर्षीही बाळापूरहून निरोप आला: सरकी काढायची राहिली आहे, आखाजीला जमणार नाही.

संध्याकाळी मामा घरातली एकुलती चिनी बरणी माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, "तानबाच्या गाड्या खामगावले चालल्या. बायापुरात उतर. तिले खाऊ घाल, अन् येतानी बरनी घेऊन ये. दुसरी नाई माह्यापाशी."

यमुना अंगणात रेचा फिरवत होती. त्या लाकडी रुळांतून एकीकडे कापूस, एकीकडे सरकी पडत होती. केसांवर, भुवयांवर पांढरे तंतू होते. कापसाचा ढीग तिच्या मागे छपराला टेकला होता. सासू वाईट नव्हती. तिने मला पाणी दिले, जेवून जा म्हणाली. पण रेचा थांबला नाही. मी झाकण काढून फोड पुढे केली. यमुनाने हात पदराला पुसून ती तोंडात टाकली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

"आंबट झालं का?" मी विचारले.

"नाई. बाबा बरे हायेत?"

"बरे आहेत. बरणी परत मागितली आहे."

तिने बरणी आपल्या मांडीशी ओढली. सासूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबाले सांग भाऊ, बरनी मी सोता आनून देईन. दुसऱ्या कोनाच्या हाती देनार नाई."

सासूने एकदा बरणीकडे पाहिले, एकदा ढिगाकडे, आणि आत गेली.

परतीच्या गाडीत मी मामांना काय सांगायचे याचाच विचार करत होतो. घरी पोचताच मामांनी आधी विचारले, "खाल्लं?" मग, "बरनी?" मी यमुनाचे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावले.

पुढच्या चैत्रात मी आलो तेव्हा चुकंदर अजून जमिनीतच होते. पाने राठ झाली होती. एका दुपारी तानबा खामगावहून आणलेली नवी बरणी घेऊन कुंपणाशी आला.

"घे किसन. काहून सडवून राहिला माल? घाल यात."

मामांनी बरणी हातात घेतली, उन्हात फिरवून पाहिली, तिची तारीफ केली आणि कुंपणावरून परत दिली.

"राहू दे तानबा," ते म्हणाले. "माही येऊन राहिली."

आणि ते वाफ्याला पाणी द्यायला विहिरीकडे गेले.