धोंड्याच्या जावयाचा स्प्लिटर

"तीन डबे कशाला, मामा? एक डबा पुरे. बाकीचं माझ्यावर सोडा!"

जीवनने हे वाक्य विंचूरला, सासऱ्यांच्या हॉलमध्ये, पुरणाचा तिसरा धोंडा तुपात बुडवता बुडवता टाकलं. नाशिकला इंदिरानगरात राहणारा आणि बँकेत नोकरी करणारा हा माणूस घरी बल्ब बदलायलासुद्धा वॉचमनला हाक मारतो, हे त्याच्या बायकोला, हर्षालीला, पक्कं ठाऊक होतं. पण महिना धोंड्याचा होता. तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या या अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. आता विष्णूला 'नको' कोण म्हणणार? हर्षालीने नुसते डोळे वटारले, आणि जीवनने ते नेहमीप्रमाणे बघितले नाहीत.

त्याचं खरं दुखणं निराळंच होतं. थोरले जावई निवृत्तीराव यांनी मागच्या धोंड्याला विहिरीवरची बंद पडलेली मोटर बघता बघता चालू करून दिली होती. तेव्हापासून त्या मोटरीचं कौतुक प्रत्येक पंगतीत मिठाच्या आधी वाढलं जायचं. जीवनच्या वाट्याला मात्र "आमचं धाकलं पाव्हणं लय शांत" एवढंच यायचं. ज्याच्याबद्दल बोलण्यासारखं काही नसतं त्याला लोक शांत म्हणतात, एवढं त्यालाही कळत होतं. एकदा, फक्त एकदा, सासऱ्यांनी चारचौघांत आपल्या पाठीवर थाप मारावी, एवढंच त्याला हवं होतं.

संधीही चालून आली होती. सासरे कोंडाजीमामा यांच्या नव्या बंगल्यात टीव्ही तीन. एक हॉलमध्ये, एक मधल्या खोलीत आणि एक बाहेर पोर्चमध्ये, भाऊबंदांसाठी. तिन्हींना तीन सेट टॉप बॉक्सचे डबे, आणि ज्याचा रिचार्ज संपलेला असायचा नेमका तोच टीव्ही त्या दिवशी हवा असायचा. म्हणून जीवन नाशिकहून येतानाच साबणाच्या वडीएवढा स्प्लिटर आणि वायरींची भेंडोळी घेऊन आला होता.

"म्हंजी विहीर एक अन् पाणी तिन्ही वावरांत?" मामांनी विचारलं.

"बरोबर."

"मंग ज्याला जे पीक घ्यायचं त्यानं ते घ्यावं?"

"अगदी बरोबर," जीवन म्हणाला, आणि तिथेच त्याचा घात झाला. स्प्लिटर एकच चित्र तीन ठिकाणी वाटतो, एका चित्राची तीन करत नाही, हे त्याला माहीत नव्हतं. दुकानदाराला विचारायचं मनात आलं होतं, पण विचारलं तर अडाणी दिसू म्हणून त्याने विचारलं नाही.

दोन डबे काढून माळ्यावर गेले. खिडकीतून पोर्चकडे आणि दारातून मधल्या खोलीकडे वायरी गेल्या. जीवनने बटण दाबलं आणि तिन्ही टीव्हींवर एकदमच क्रिकेटची फायनल झळकली. पोर्चमधल्या भाऊबंदांनी टाळ्या वाजवल्या. मामा "लय भारी" म्हणाले. थाप मात्र पडली नाही. त्यांच्या हातात चहाची बशी होती. मॅच संपली की नक्की पडेल, असं जीवनने स्वतःला सांगितलं.

मॅच अशी रंगली की विचारू नका. शेवटची ओव्हर आली, पोर्चमध्ये लोक उभे राहिले, बॉलर धावत निघाला, आणि शालू नेसलेली एक नवरी हुंदके देऊन रडू लागली.

मामांनी चमकून शेजारी बसलेल्या निवृत्तीरावांकडे पाहिलं. "निवृत्तीराव, रिमोटवर बसले का काय?"

"नाय हो मामा, हा काय हातात हाय." निवृत्तीरावांनी बटण दाबलं. मॅच आली. लगेच नवरी आली. पोर्चमधल्या कोणीतरी खिडकीतून तिकडचा रिमोट चालवला. मॅच आली. पुन्हा नवरी.

"सिग्नलचा प्रॉब्लेम आहे, ढग आलेत," जीवन म्हणाला. बाहेर आभाळ परातीसारखं लख्ख होतं.

तो धावत मधल्या खोलीत गेला. तिथे सासूबाई, आक्काबाईमामी, पलंगावर बसून उघड्या दारातून हॉलमधल्या डब्यावर रिमोट रोखून होत्या. तिन्ही डबे एकाच कंपनीचे होते, त्यामुळे तिन्ही रिमोट आता त्या एकाच डब्याला हुकूम सोडत होते.

"मामी, चॅनल तुम्ही बदलताय?"

"मंग? तुम्हीच म्हनले ना, ज्याचं त्यानं बघा. आज तिचं लगीन मोडतंय."

घोळ काय झाला ते आता जीवनला कळलं. खरं सांगावं, तर सगळ्यांसमोर अब्रू जाणार. त्यापेक्षा मामींच्या खोलीची वायर गुपचूप दोन मिनिटं काढून ठेवावी. तो हॉलमध्ये येऊन टीव्हीमागे शिरला. मागे सगळ्या वायरी काळ्या आणि सारख्याच जाड. शेवटच्या बॉलला चार रन हवे होते. जीवनने देवाचं नाव घेऊन एक वायर ओढली.

ती स्प्लिटरच्या वीजपुरवठ्याची होती. तिन्ही टीव्ही एकदम काळे पडले.

शेजारच्या वस्तीवरून मोठा ओरडा ऐकू आला. आनंदाचा की दुःखाचा, ते काही केल्या कळेना. कोंडाजीमामा उठले, त्यांनी तोंड उघडलं, आणि दुपारी ओवाळताना मामींनी जीवनच्या कपाळावर लावलेल्या कुंकवाकडे बघून पुन्हा मिटलं. मग ते अंगणात गेले आणि कुत्र्याला, ट्रॅक्टरला आणि कांद्याच्या चाळीला मनसोक्त बोलून आले. जीवन टीव्हीमागेच बसून राहिला. बाहेर यायला त्याला खरंच लाज वाटत होती.

निघताना मामींनी अनारशांचा डबा दिला. मामा गाडीपर्यंत आले आणि सगळ्या भाऊबंदांदेखत त्यांनी जीवनच्या पाठीवर थाप मारली. चांगली जोरात. जीवनचे डोळे भरून आले.

"पाव्हणं," मामा गोड आवाजात म्हणाले, "पुढल्या धोंड्याला तुम्ही इकडं यायची तसदी घेऊ नका. वाण घेऊन आम्हीच येतो तुमच्याकडं."

गाडी नाशिकच्या रस्त्याला लागेपर्यंत जीवनने दम धरला.

"बघितलंस? सासरा स्वतः वाण घेऊन जावयाच्या दारात! निवृत्तीरावांना कधी म्हणाले असं?"

"नाही," हर्षाली खिडकीबाहेर बघत म्हणाली. "त्यांना अजून घरात येऊ देतात."