तुळशीरामचा नापास वाल

आमचा शेजारी तुळशीराम कुंपणावरच्या वालाची परीक्षा घेतो. खोटं नाही सांगत. थंडी पडली, शेंगा धरल्या, की डोक्याला दुपट्टा गुंडाळून तो सकाळीच वेलापुढं उभा. एका वेलाची एक शेंग तोडायची, टोक मोडायचं आणि कडेची शीर हळूच ओढायची. शीर अख्खी निघाली की खड्या आवाजात म्हणणार, "नापास!" अन् पुढच्या वेलाकडं. स्वतः तिसरीत दोनदा बसलेला माणूस. मी चौथी पास आहे, म्हणून मला बोलायचा हक्क आहे.

हा वाल त्याच्या आईच्या वेळचा. चवीला असा, की मटणाचा रस्सा बाजूला सारावा. पण शीर म्हणजे सुतळी. शेंग लांब आहे का, दाणा टपोरा आहे का, तुळशीराम पाहतच नाही. ज्याची शीर अर्ध्यात तुटली, त्या वेलाला लाल चिंधी. त्याच्या शेंगा वेलावर वाळू द्यायच्या, तेच बी पुढच्या साली. बाकीचे वेल भाजीत. बारा वर्षं हेच चाललं.

एकदा नेरहून कृषी सहायक आले. म्हणाले, "काका, यानं उत्पन्न वाढते का?"

"कायले वाढवू? खानारे दोघंच आहो आमी."

मीही बी मागून पाहिलं. "अजून नापास आहे गा, देत नाही," म्हणाला. मला! ज्यानं त्याच्या विहिरीत उतरून मोटर वर काढली होती! मागच्या साली चिंधीवाल्या वेलाच्या दोन वाळल्या शेंगा मी खिशात घातल्या आणि गोठ्यामागं बी लावलं. ती चोरी नव्हती. माझा मान मी वसूल केला.

यंदा एका बकरीनं त्याचे सगळे वेल बुडापासून खाल्ले. बकरी माझी होती असं लोक म्हणतात. राखून ठेवलेल्या बियाचा डबा त्यानं उघडला, तर आत भुंगे आणि पीठ. मी भांडायच्या तयारीनंच गेलतो. त्यानं शिवी दिली असती तर चार परत दिल्या असत्या. तो नुसता कुंपणाकडं पाहत बसला होता.

"जाऊ दे गा," म्हणाला, "नसन तिच्या नशिबात."

'तिच्या' म्हणजे त्याची बायको, सुभद्रा वहिनी. पूर्वी गावात लग्न असलं, की भाजी निवडायला पहिल्या त्याच बसायच्या. मग वातानं बोटं वाकली. शीर चिमटीत धरता येईना. तेव्हापासून वाल तुळशीराम निवडतो, आणि तेवढा वेळ वहिनी भिंतीकडं तोंड करून बसतात. हे मी बारा वर्षं पाहत होतो. चौथी पास असून.

मी घरी गेलो. गोठ्यामागच्या कोवळ्या शेंगा दुपट्ट्यात भरून आणल्या आणि त्याच्यापुढं ओतल्या.

"तुयंच बी आहे. चोरलं होतं मी. बाकीच्या शेंगा वेलावर वाळून राह्यल्या, त्याले हात लावला नाही."

त्यानं एक शेंग घेतली, टोक मोडलं, ओढलं. टोक तेवढं हातात आलं. दुसरी घेतली. तेच. 'नापास' ऐकायला मी कान टवकारून उभा, पण आवाज नाही. सुपात शेंगा भरून त्यानं वहिनींपुढं सरकवल्या. "निवड," म्हणाला.

"मायी थट्टा करता काय?"

"मोडून तं पाह्य."

वहिनींनी दोन्ही तळहातांत शेंग धरली. कट. मग दुसरी. सूप अर्धं झालं, तेव्हा त्या थांबल्या.

"अवो, यायले शिराच नाहीत!"

तुळशीरामनं तोंड कुंपणाकडं फिरवलं. "पानी जास्त झालं यंदा," म्हणाला, "त्याच्यानं होते तसं."

मी सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की मी आयुष्यात पहिल्यांदा कोणापुढं गप्प बसलो, आणि बकरी बांधायला घरी गेलो.