एकादशीची कांजी

सल्ला देण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या बुऱ्हाणपुरात नाही, हे मी आधीच सांगून टाकतो! आणि हे माझं मत नाही, सरकारचं आहे. राजपुऱ्यातल्या आमच्या विणकर सल्ला केंद्रात मी सल्लागार होतो. हंगामी का होईना, पण सल्लागार! फक्त सल्ला घेणारं कोणी मिळत नसे. तीन वर्षांत रजिस्टरात दोन नावं. त्यातला एक पोस्ट ऑफिस कुठे आहे ते विचारायला आला होता.

नागपूर राजधानी होती तोवर हे खपून गेलं. मग चार राज्यांची मोट बांधून नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि सत्तावन्न साली कचेऱ्यांच्या विलीनीकरणाचं पत्र आलं. कामाच्या कचेऱ्या ठेवायच्या, बिनकामाच्या मोडायच्या. पाहणीला खुद्द भोपाळचे साहेब येणार! कचेरी मोडली की आमचा शिपाई कडू परत शेतावर आणि मी सासऱ्यांच्या किराणा दुकानात. त्यापेक्षा मी असीरगढावर एकटा पहारा केला असता.

"घाबरू नका, कडूभाऊ," मी म्हणालो. "साहेबांना असं काही दाखवतो की बोटं चाटत राहतील!"

माझी योजना साधी होती. विणायच्या आधी विणकर गल्लीत उभ्या धाग्यांचा ताणा पसरतात आणि सूत बळकट व्हावं म्हणून त्याला कांजी लावतात. ही कांजी धान्याच्या पिठाची. पण आमच्याकडे जिकडे पाहावं तिकडे केळी! मग कच्च्या केळीच्या पिठाची कांजी का नको? लोधीपुऱ्यातला दगा कोष्टी कुरकुरत तयार झाला.

"सूत तुमचं, मेहनत माही," तो म्हणाला. "पण ताणा तुटला तर मले बोल लावू नका, सुधाकरभाऊ."

आदल्या दिवशी मी पिठाचं पोतं घरी बायकोपुढे आणून टाकलं. "कुसुम, उद्या भोपाळचे साहेब येणार. याची पातळ पेज करून सकाळीच लोधीपुऱ्यात पाठव."

"किती जणांना पुरेलशी?"

"अगं, अख्ख्या गल्लीला पुरली पाहिजे!"

या प्रश्नावर मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण सल्लागाराला कोण सावध करणार?

सकाळी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढराशुभ्र ताणा पसरला होता. साहेब आले. इस्त्रीचे कपडे, हातात लाल पेन्सिल. मी माहिती देऊ लागलो. दगाने कुंचा घरून आलेल्या पातेल्यात बुडवला आणि नाक वर केलं.

"सुधाकरभाऊ, कांजीले जिऱ्याचा वास येऊन राह्यला."

"नवीन शोध आहे! लावा तुम्ही!"

त्याने लावली. निम्मा ताणा झाला असेल, तेवढ्यात तापीकाठचा केळीवाला शेतकरी लोटू आपला बैल घेऊन गल्लीत शिरला. बैल पुन्हा एकदा वैद्याकडे निघाला होता. तो थबकला. त्याने ताणा हुंगला, जीभ काढली आणि चाटू लागला! मागून दोन गायी आल्या. शेजारच्या अंगणातली बकरी दावं तोडून आली. सूत तटातट तुटू लागलं. कडूने गायीची शेपटी धरली, तर गायच त्याला ओढत घेऊन गेली. साहेब उडी मारून ओट्यावर चढले.

"यह क्या तमाशा है?"

तेवढ्यात कुसुम पत्रावळी घेऊन हजर! "अहो, साहेबांना आधी वाढलंत ना? आज एकादशी! सैंधव, जिरं, तूप, सगळं घातलंय. जरा पातळ झालंय, पण तुम्हीच तसं म्हणालात."

आमच्या घरी केळीचं पीठ फक्त उपासाला निघतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. ओट्यावर साहेबांची लाल पेन्सिल चालू झाली होती.

एवढ्यात लोटूची आरोळी आली. त्याच्या बैलाचं तोंड थेट पातेल्यात होतं.

"कोनं बनवलं हे?"

मी कडूच्या मागे लपलो. कडूने इमानदारीने माझ्याकडे बोट दाखवलं. लोटू धावत आला, मला वाटलं आता मार पडणार, आणि त्याने मला कडकडून मिठी मारली!

"अरे भाऊ! चार दिवस झाले, माह्या राजानं काडी तोंडात नाही घेतली! वैद्य हात टेकून बसला! अन् आता पाहा, पातेलं चाटून राह्यला!"

मग काय विचारता! बातमी राजपुऱ्यापर्यंत गेली. "माह्या म्हशीले चालंल का?" "बकरीले किती देऊ?" मी ओट्यावर रजिस्टर उघडून बसलो आणि सल्ले देत सुटलो. दुपारपर्यंत बेचाळीस नावं! आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर रांग होती, आणि खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. त्रेचाळिसावे साहेब स्वतः.

"हमारी भी एक भैंस है," ते हळूच म्हणाले. "चारा ही नहीं खाती."

त्यांना मी डबा भरून दिला. त्यांनी आपल्या वहीतली लाल ओळ माझ्यासमोर खोडली.

महिन्याभरात हुकूम आला. कचेरी कायम! मी कायम, कडू कायम! दगाला नवं सूत दिलं आणि गल्लीभर मावा जिलेबी वाटली. जिलेबी संपल्यावर कडूने हुकुमाचं दुसरं पान उलटलं. आमचं विलीनीकरण झालं होतं, पशुसंवर्धन खात्यात.

आता दारावर 'पशुआहार सल्ला केंद्र' अशी पाटी आहे आणि खाली माझं नाव, ठळक. भोपाळहून दर आठवड्याला पत्र येतं: मीठ किती, जिरं किती, नक्की प्रमाण कळवा. मी 'प्रयोग चालू आहेत' असं उत्तर पाठवतो आणि दुपारी जेवायला घरी जातो तेव्हा विचारतो.

"अंदाजाने," कुसुम म्हणते.