पंचेचाळीस सेकंदांची शांतता

धारवाडात रॉक संगीत आणलं ते मी! याबद्दल कुणाला शंका असेल तर त्यानं खुशाल आमच्या मळमड्डीत येऊन विचारावं. उत्तर थोडं चिडून मिळेल, पण मिळेल!

आमचं गाव कसं आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. दर चौथ्या घरात तंबोरा. भाजीवालासुद्धा 'मेथीऽऽ' म्हणतो ते षड्ज लावून. अशा गावात मी, मुकुल, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गिटार घेऊन उभा राहिलो आणि स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल लावलेलं गाणं म्हटलं. दुसऱ्याची गाणी गायची नाहीत, कुठल्या कंपनीच्या दारात जायचं नाही, सिनेमाला हात लावायचा नाही. आपलंच लिहायचं, आपलंच गायचं. याला 'इंडी रॉक' म्हणतात. आमचे अप्पा याला 'रिकामपण' म्हणतात. अप्पा गणिताचे निवृत्त मास्तर. कमी शब्दांत उत्तर काढायची त्यांना सवय.

माझा दुसरा जाहीर कार्यक्रम एका गणेशोत्सव मंडळात झाला. तिसऱ्या गाण्याला मंडळाचे अध्यक्ष स्टेजवर आले. मला वाटलं, हार घालायला. त्यांनी माइक हातात घेतला आणि जाहीर केलं, "माइक टेस्टिंग झालेलं आहे. आता मुख्य कार्यक्रमाला सुरुवात होईल!"

त्या दिवशी मी ठरवलं. आता स्टेज नाही, आता अल्बम!

साल दोन हजार चार. अल्बमचं नाव 'एकटा'. गाणी नऊ, सगळी दुःखी. ड्रम वाजवायला आणि कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करायला माझा मित्र यशपाल. तो जुन्या हुबळीत राहायचा, कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि तोंडातून शब्द काढायचा तर आधी विचार करायचा. आमच्या घरातल्या मागच्या खोलीचा आम्ही स्टुडिओ केला. भिंतींना गाद्या टेकवल्या, दाराला रजई. घरात हुकूम सोडला, "रेकॉर्डिंग चालू असताना आवाज नको!"

आईनं तो मनापासून पाळला. कुकर बंद, मिक्सर बंद. अप्पांना शिंक आली तर ती त्यांना अंगणात जाऊन काढावी लागे.

अल्बमचा प्राण होतं पाचवं गाणं, 'शांतता'. ते गाणं निम्म्यावर येतं आणि थांबतं. गिटार थांबते, ड्रम थांबतो, मी थांबतो. पूर्ण पंचेचाळीस सेकंद! श्रोत्यानं तेवढ्या वेळात स्वतःच्या आत उतरावं, अशी कल्पना. यशपाल म्हणाला, "तेवढा भाग कॉम्प्युटरवर कोराच ठेवतो की."

"छे!" मी म्हटलं. "यंत्राची शांतता नको. खरी पाहिजे. खोलीची! माइक चालूच राहू दे!"

हे वाक्य मी आयुष्यात उच्चारलं नसतं तर बरं झालं असतं.

रेकॉर्डिंग झालं. माझे डोळे मिटलेले, कानांवर हेडफोन, हेडफोनमध्ये नुसती तालाची टकटक. शेवटची तपासणी यशपालच्या खोलीवर केली. त्याच्या खोलीखाली पिठाची गिरणी. 'शांतता'च्या वेळी गिरणीच्या खडखडाटात मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. मी म्हटलं, "झकास! गिरणी सोडली तर परिपूर्ण आहे." यशपालनं दोनशे सीड्या काढल्या.

त्याच सुमारास माझ्या बहिणीचं, दीपश्रीचं लग्न ठरलं. हुबळीच्या विद्यानगरातला मुलगा, साकेत. वडील बाळाचार्य, कोर्टातले नामांकित वकील. आई जयलक्ष्मीबाई. दीपश्री इतकी खुशीत होती की जन्मात पहिल्यांदा माझ्या गिटारला 'छान' म्हणाली. शनिवारी साखरपुडा झाला. निरोप देताना आईनं विहीणबाईंच्या ओटीत नारळाबरोबर माझी सीडीही घातली. "आमच्या मुकुलनं केलंय हो! सगळ्यांनी मिळून ऐका!"

साकेत म्हणाला, "उद्याच ऐकतो! नवी सिस्टीम घेतलीय. रविवार आहे, सगळे नातेवाईकही आहेत."

मी लाजलो. मूर्ख!

रविवारी सकाळी मी आणि यशपाल सुभाष रोडवरच्या एका सीडीच्या दुकानात वीस सीड्या ठेवायला गेलो. दुकानदारानं एक लावून बघितली. मी जरा बाजूला उभा राहिलो. कलावंतानं अशा वेळी गर्दीत मिसळू नये. पाचवं गाणं लागलं. गिऱ्हाईकं थांबली. आणि मग हसायला लागली!

माझ्या दुःखावर? मी पुढं झालो. 'शांतता' सुरू होती, आणि त्या शांततेत, स्पीकर फाटेल अशा आवाजात, माझी आई बोलत होती.

"अगं वेणू, माणसं चांगली आहेत गं! मुलगा तर सोन्यासारखा! पण ती जयलक्ष्मीबाई! अय्यो, बोलायला लागली की थांबतच नाही बघ! दोन तास मी शोधत होते, ही श्वास घेते तरी कधी! आणि चिरोटे दिले की खायला! काय सांगू तुला! माझी दाढ हलली! मुलीची आई मी, हसत हसत गिळले! एक तर रुमालात बांधून आणलाय. अडकित्त्यानं फोडून बघणार आहे!"

आणि गिटार सुरू झाली. माझा आवाज आला, 'कुणीच नाही, कुणीच नाही...'

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रेकॉर्डिंगच्या दिवशी आई नुकतीच मुलाचं घर बघून आली होती, आणि बेळगावहून वेणूमावशीचा फोन आला होता. मला त्रास नको म्हणून आईनं फोन उचलून, त्याची लांबच लांब वायर ओढत मागचा व्हरांडा गाठला होता. म्हणजे बरोबर स्टुडिओच्या खिडकीखाली! आणि परगावचा फोन म्हटलं की आई वायरीवर विश्वास ठेवत नाही. बेळगावला थेट ऐकू जाईल अशा बेतानं बोलते.

"यशपाल!" मी किंचाळलो. "तुला हे ऐकू आलं नव्हतं?"

"आलं होतं की."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, मुद्दाम घातलायस," यशपाल शांतपणे म्हणाला. "नऊ गाण्यांत मला कळलेलं तेवढंच एक."

मी समोरच्या एसटीडी बूथवरून साकेतच्या घरी फोन लावला. एंगेज. परत लावला. एंगेज. जयलक्ष्मीबाईंचा फोन तो! रिकामा असता तरच नवल. यशपालच्या स्कूटरवर बसून आम्ही हुबळीच्या रस्त्याला लागलो. वाटेत रायापूरला स्कूटर पंक्चर! यशपालला तिथंच सोडून मी धावती बस पकडली. पायरीवर लोंबकळत मला एकच चित्र दिसत होतं. मोडलेलं लग्न, दीपश्रीचा चेहरा, आणि त्याला कारण माझी कला!

दारात साकेत. "वा! साक्षात गायकच आले! या, या! चौथं गाणं चालू आहे!"

हॉलमध्ये पंधरा-सोळा माणसं. मधोमध आरामखुर्चीत डोळे मिटून बाळाचार्य. कपाटाएवढे दोन स्पीकर. मी बसायच्या आत जयलक्ष्मीबाईंनी माझ्या हातात बशी दिली. बशीत चिरोटे!

"काकू," मी म्हटलं, "ही सीडी जरा परत द्या. तिच्यात दोष आहे. बदलून आणतो."

बाळाचार्यांनी एक डोळा उघडला. "दोष? कोणता दोष? कुठं आहे? पुरावा?"

"पुढं आहे. पाचव्या गाण्यात."

"मग ऐकूनच ठरवू," वकीलसाहेब म्हणाले आणि डोळा मिटला.

मी विजेची प्रार्थना केली, म्हणजे जाण्याची. एरवी दिवसातून चारदा जाते. त्या दिवशी बल्बसुद्धा लुकलुकला नाही. चौथं गाणं संपलं. 'शांतता' सुरू झाली. गिटार थांबली, ड्रम थांबला.

मी ताडकन उभा राहिलो. काहीतरी गायलाच हवं होतं! पण भीतीनं माझं स्वतःचं एक गाणं मला आठवेल तर शपथ! लहानपणी अप्पांनी छडीच्या धाकानं पाठ करून घेतलेलं तेवढं तोंडात आलं. बेंबीच्या देठापासून, हात वर करून, मी रॉकच्या चालीत ओरडलो,

"सत्तावीस एके सत्तावीऽऽस! सत्तावीस दुणे चोपऽऽन्न! सत्तावीस त्रिक एक्क्याऐंऽऽशी!"

पण मी एकटा, माणसाच्या घशाचा. आई कपाटाएवढ्या दोन स्पीकरांतून! सत्तावीस चोकला माझा आवाज फाटला.

"सुम्नीर की रे, तम्मा!" जयलक्ष्मीबाई मला कानडीत गप्प करत म्हणाल्या. "मध्ये ती बाई कोण बोलते बघू दे. माझं नाव घेतलं तिनं! साकेत, परत लाव!"

साकेतनं परत लावलं. या वेळी सगळे कान देऊन ऐकत होते. 'दाढ हलली' इथं पंधरा-सोळा माना एकदम माझ्या बशीकडं वळल्या. माझ्या तोंडात घाबरून कोंबलेल्या चिरोट्याचा अर्धा तुकडा होता. तो फुटेना, गिळवेना, आणि थुंकायची तर सोयच नव्हती.

जयलक्ष्मीबाई काही न बोलता उठल्या. सरळ फोनकडं गेल्या. न बोलता! साकेतचा चेहरा उतरला. तो माझ्या कानात म्हणाला, "आई गप्प बसली म्हणजे प्रकरण गंभीर आहे."

"हॅलो, सुशीलाबाई? मी जयलक्ष्मी. तुमची सीडी ऐकली."

आणि पलीकडून आईचा आवाज. परगावचा फोन! सगळ्या हॉलला ऐकू येत होता. "हो का! आवडली का?"

"हे सगळं तुमच्या घरात झालं?"

"घरातच! मागच्या खोलीत! अगदी मनापासून केलंय हो!"

"मनापासून? म्हणजे त्यातला शब्द न् शब्द..."

"शब्द न् शब्द! चार महिने आमच्या घरात दुसरा विषय नाही!"

मी डोळे मिटले.

"अजून पुष्कळ सीड्या आहेत!" आई उत्साहानं सांगत होती. "तुमच्या सगळ्या नातेवाइकांना एकेक देते! लग्नात मांडवातही लावायचा विचार आहे!"

जयलक्ष्मीबाईंनी फोन खाली ठेवला. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. मी तोंडातल्या तुकड्यासकट त्यांच्या पायांशी वाकलो. "काकू, चूक माझी आहे. दीपश्रीचा यात काही..."

आणि वरून हसण्याचा असा लोट आला म्हणून सांगू! बाई भिंतीला धरून हसत होत्या. डोळ्यांतून पाणी! धाप लागली तरी हसू थांबेना.

"अरे, हे चिरोटे माझे नव्हेत रे!" त्यांनी आरामखुर्चीकडं बोट केलं. "यांचे! घरात शुभकार्य निघालं की हे स्वतः परात घेऊन बसतात! सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं मी सांगते, पिठात तुपाचं मोहन कमी पडतंय, दगड होतायत. तर म्हणतात, पुरावा काय? घ्या! हा घ्या पुरावा! सीडीवर! स्टिरिओमध्ये!"

बाळाचार्यांनी दोन्ही डोळे उघडले. माझ्या बशीतला एक चिरोटा उचलला. चावला. 'कट्' असा आवाज झाला. त्यांनी गालाला हात लावला आणि पुष्कळ वेळ विचार केला.

"टणक आहे," शेवटी ते म्हणाले. "साक्ष ग्राह्य धरावी लागेल."

मग मात्र सगळं घर हसलं. साकेतनं भीतभीत विचारलं, "आणि आई, ते श्वासाचं?"

"त्यात काय खोटं आहे?" असं म्हणून जयलक्ष्मीबाई जे बोलायला लागल्या ते पाऊण तास. मी घड्याळ लावून बघितलं. आईचं निरीक्षण अचूक होतं.

घरी आल्यावर आईला मी सगळं सांगितलं. तिनं दोन दिवस फोनला हात लावला नाही. हे आमच्या घराण्यात पहिल्यांदाच घडत होतं. दीपश्री माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. मग लग्न झालं, व्यवस्थित झालं. बाळाचार्यांना परातीपासून चार हात लांब बसवलं होतं. जयलक्ष्मीबाई आणि आई मांडवात गळ्यात गळा घालून बसल्या. दोघी एकदमच बोलत होत्या, त्यामुळं कुणी कुणाचं ऐकायचा प्रश्नच नव्हता.

आणि माझी सीडी? दोनशेच्या दोनशे खपल्या! सुभाष रोडवर लोक येऊन विचारायचे, "ती चिरोट्याची आहे काय?" पुण्याच्या एका छोट्या मासिकात परीक्षणसुद्धा आलं. 'शांततेच्या गाभ्यात मध्यमवर्गीय स्त्रीचा दबलेला आवाज ठेवण्याचं धाडस' वगैरे. दबलेला! आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "हळूच बोलले होते मी."

पुढच्या वर्षी बेंगळूरहून एका कॅफेचं बोलावणं आलं. खराखुरा इंडी रॉकचा कार्यक्रम! मी आईला म्हटलं, चल. ती म्हणाली, "लोणच्याचे दिवस आहेत. तूच जा."

गेलो. साठ-सत्तर माणसं होती. पहिली चार गाणी त्यांनी सोसली. मग 'शांतता' आलं. गिटार थांबली, यशपालचा ड्रम थांबला. सगळे खुर्च्यांच्या कडेला सरकून बसले. दहा सेकंद गेले, वीस गेले. मागून कुणीतरी ओरडलं, "आई कुठाय?"

मी यशपालकडं बघितलं. त्यानं नुसते खांदे उडवले.

काय करणार! पदर खोचल्यासारखा कमरेला हात लावला, आवाज चढवला आणि सुरू झालो, "अगं वेणू, माणसं चांगली आहेत गं!..."

काय सांगू तुम्हाला! लोक उभे राहिले! शिट्ट्या, टाळ्या, 'वन्स मोअर'! माझ्या आयुष्यातला पहिला 'वन्स मोअर'!

त्या एका रात्रीनंतर मला बाहेरगावची सहा आमंत्रणं आली. सहाही मिमिक्रीची. गिटार आणू का, म्हणून मी प्रत्येकाला विचारलं. एकानं 'आणली तरी चालेल' असं कळवलंय.